पाचवा अंक

प्रवासवर्णनांत पहिल्या दिवसाला फारसे स्थान मिळत नाही. निघण्याची लगबग सविस्तर येते, विमानतळावरचा निरोप येतो आणि मग लेखक एकदम एखाद्या प्रेक्षणीय स्थळासमोर उभा असलेला दिसतो. मधला एक दिवस गळून पडतो. त्या दिवशी डोळ्यांवर झोप असते, अंगात शीण असतो, आजूबाजूची भाषा कळत नसते आणि सांगण्याजोगे काही घडलेलेही नसते. तरीही परक्या देशात गेलेल्या माणसाची खरी परीक्षा याच दिवशी होते, असे मला वाटते. एका सप्टेंबरच्या अखेरीस असा दिवस मी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात एकटीने काढला. त्या दिवसाविषयी मी येथे लिहीत आहे.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अड्याळ हे माझे गाव. गावाला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर वरठीचे भंडारा रोड स्थानक गाठावे लागते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी एकोणतीस वर्षे शिकवले. पदवी मात्र नोकरी करता करता, रात्री लेक निजल्यावर दिव्याखाली बसून, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून घेतली. यजमान गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच उरलो. लेकीने नागपूरला परिचर्येचे शिक्षण घेतले, तेथेच एका रुग्णालयात नोकरी केली, रात्रपाळ्या सांभाळत जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि तीन वर्षांपूर्वी ती स्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरातील रुग्णालयात रुजू झाली. तेव्हापासून तिचा रोज फोन येतो आणि रोज ती एकच वाक्य बोलते, "मी बरी आहे, आई. तू काळजी करू नकोस."

मी तिला भेटायला निघाले तेव्हा माझे थोरले बंधू नागपूरच्या विमानतळापर्यंत पोचवायला आले होते. आमच्याकडच्या झाडीबोलीत ते म्हणाले, "बाई, पोरीले आता वापस घेऊनच येजो." त्यात धाक नव्हता, काळजी होती. तिशीला आलेली भाची, तिचे राहिलेले लग्न, मागे घरात एकटी पडलेली बहीण, हे सारे त्या एका वाक्यात होते. मी मान हलवली. माझ्याही मनात तेच होते.

विमान सकाळी उतरणार होते आणि फ्रँकफर्टहून स्टुटगार्टचे अंतर वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपासचे. तरीही लेकीने मला तो दिवस फ्रँकफर्टमध्येच मुक्काम करायला सांगितले होते. जर्मन रेल्वेचे सवलतीचे तिकीट त्या एका ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली, की तिकीट वाया. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात अशी आपल्याकडे समजूत आहे. पण २०२४ साली तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर पोचल्या, हेही लेकीनेच मला सांगितले होते. दुसरे कारण असे, की तो रविवार होता आणि रुग्णालयाला रविवार नसतो. तिची पाळी रात्रीपर्यंत होती. म्हणून स्थानकाजवळच्या एका साध्या हॉटेलात तिने माझ्यासाठी खोली ठरवली होती आणि गाडी सोमवार सकाळची होती.

विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने तीनच प्रश्न विचारले. कशासाठी आलात? कुठे राहणार? किती दिवस? मी पारपत्र पुढे केले आणि त्यासोबत लेकीने तेथील कार्यालयात सही करून दिलेले हमीपत्रही. या पाहुणीच्या राहण्याचा, औषधोपचाराचा आणि परतीचा खर्च मी सोसेन, असे त्यात लिहून दिलेले असते. शाळेच्या, वसतिगृहाच्या, परीक्षांच्या कितीतरी अर्जांवर पालक म्हणून मी तिच्यासाठी सह्या केल्या होत्या. आता सही तिची होती. अधिकाऱ्याने कागद पाहिला, शिक्का मारला आणि मी जर्मनीत आले. अड्याळमध्ये मला कोणी कागद मागत नाही. बाजारातून चालले तर चार माणसे "बाई, कुठं निघाल्या?" म्हणून विचारतात, त्यांतल्या दोघांना मी बाराखडी शिकवलेली असते. येथे मात्र माझी सारी ओळख त्या निळ्या पुस्तिकेत मावली होती. तिच्यावरचा हात मी दिवसभर काढला नाही.

विमानतळाच्या इमारतीखालीच रेल्वेस्थानक आहे. तेथून लोकल गाडी दहा-पंधरा मिनिटांत शहराच्या मुख्य स्थानकावर नेते. तिकीट यंत्रातून घ्यायचे असते. मला आश्चर्य वाटले ते फाटक नसल्याचे. कोणी अडवत नाही. गाडीत एखादे वेळी तपासनीस येतो आणि तिकीट नसले तर साठ युरो दंड करतो. ज्याला ही रीत ठाऊक आहे, त्याला ती मोकळीक वाटते. ज्याला ठाऊक नाही, त्याला आपण कुठेतरी चुकीच्या दारातून आत शिरलो आहोत असे वाटत राहते. मी तिकीट हातात धरूनच बसले होते.

फ्रँकफर्टचे मुख्य स्थानक १८८८ मध्ये सुरू झाले. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही त्याच सुमारास बांधून झाले. दोन्ही स्थानके एका प्रकारची आहेत. रूळ येथे येऊन संपतात आणि आलेली गाडी उलट दिशेने बाहेर पडते. लोखंड आणि काचेच्या पाच मोठ्या कमानी, खाली चोवीस फलाट, आणि दर्शनी भागावर पृथ्वीचा गोल खांद्यांवर पेलणारा ॲटलासचा पुतळा. फलकावर शहराचे नाव 'फ्रँकफर्ट (माइन)' असे लिहिलेले होते. माइन ही नदी. पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठी दुसरे एक फ्रँकफर्ट आहे, म्हणून नदीचे नाव जोडावे लागते. मला बरे वाटले. आम्हीही पाकिटावर 'अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा' असे पूर्ण लिहितो. कारण राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेशी जोडलेली अड्याळ टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात आहे. एवढ्या मोठ्या शहरालाही आपली ओळख पटवून द्यावी लागते, हा विचार त्या सकाळी धीर देणारा होता.

हॉटेलात बॅग ठेवून घेतली, पण खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नव्हती. सकाळचे साडेनऊ झाले होते. अड्याळला दुपारचा एक वाजला असेल, बांधीतला हलका धान लोंबीवर आला असेल, असे मनात येऊन गेले. मी बाहेर पडले.

स्थानकासमोरची वस्ती मी विसरू शकणार नाही. भिंतीला टेकून बसलेली, रस्त्यावरच आडवी झालेली, अमली पदार्थांनी विझून गेलेली तरुण मुले तेथे होती. त्यांच्या डोक्यांवर बँकांचे काचेचे मनोरे उभे होते. त्यांतला एक २५९ मीटर उंच आहे. या शहराने १९९० च्या दशकात अशा व्यसनींसाठी देखरेखीखालील केंद्रे उघडली. त्यांना हाकलून देण्याऐवजी आधी जिवंत ठेवावे, असा त्यामागचा विचार होता. हे ज्ञान नंतरचे. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली आणि भीतीच्या मागोमाग एक प्रश्न आला. तीन वर्षांपूर्वी लेकही याच शहरात उतरली होती, हीच वस्ती तिच्या समोर होती. तेव्हा फोनवर ती काय म्हणाली होती? "पोचले आई. शहर छान आहे."

जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात. स्थानकातली तेवढी उघडी. आठवडी बाजाराच्या दिवशी गाव भरते हे मला ठाऊक. सुट्टीच्या दिवशी एवढे मोठे शहर रिकामे होते हे नवीन होते. चर्चच्या घंटा वाजत होत्या. रस्त्यावर एकही वाहन नव्हते, तरी एक म्हातारे गृहस्थ लाल दिव्यापाशी शांतपणे उभे होते. मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. दिवा हिरवा झाला, आम्ही दोघे रस्ता ओलांडून गेलो. पलीकडे दुसरा एक वृद्ध माणूस कचरापेटीतून प्लॅस्टिकच्या बाटल्या वेचीत होता. बाटलीमागे पंचवीस सेंटची अनामत परत मिळते. श्रीमंत देशातही कोणाचा तरी दिवस कोणाच्या तरी टाकून दिलेल्या बाटलीवर निघतो, हे त्या रिकाम्या रस्त्यावर ठळकपणे दिसले. गर्दीत ते दिसले नसते.

मला जायचे होते ते एकाच ठिकाणी. बी.ए.ला असताना मी वाचले होते, की जर्मन महाकवी गटे याने 'शाकुंतला'चा मोठा गौरव केला. तो गटे २८ ऑगस्ट १७४९ रोजी याच शहरात जन्मला. त्याचे जन्मघर आता संग्रहालय आहे. ते घर २२ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. योगायोग असा, की १८३२ साली गटेचा मृत्यूही २२ मार्चलाच झाला होता. युद्धानंतर घर जसेच्या तसे पुन्हा उभारले गेले. सामान आधीच सुरक्षित जागी हलवले होते, म्हणून आतल्या पुष्कळ वस्तू जुन्या आहेत. भिंती नव्या, संसार जुना. स्वयंपाकघरात पाण्याचा हातपंप आहे. तो पाहून मी थबकले. हातपंप ही वस्तू मला समजते. दिवसभरात प्रथमच, भाषांतराशिवाय समजलेली अशी एक गोष्ट माझ्यासमोर होती. वरच्या मजल्यावर गटेच्या बालपणीची बाहुल्यांची रंगभूमी जपून ठेवली आहे. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली, की रात्र-रात्र नाटके आणि दंडारी चालतात. पडदा वर जाण्याआधीची उत्कंठा काय असते, हे तेथल्या लहान मुलाला कळते. फ्रँकफर्टच्या त्या मुलालाही ती कळली असणार.

'अभिज्ञानशाकुंतला'चा इंग्रजी अनुवाद विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनी केलेला जर्मन अनुवाद १७९१ मध्ये आला आणि तो वाचून गटे भारावला. त्याच्या 'फाउस्ट' नाटकाच्या आरंभीचा रंगमंचावरील प्रवेश 'शाकुंतला'तील सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचला, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच नाटकाचे 'संगीत शाकुंतल' केले आणि मराठी संगीत नाटकाचे नवे पर्व सुरू झाले. एकच नाटक एका बाजूला जर्मनीत पोचले आणि दुसऱ्या बाजूला मराठी रंगभूमीवर. मी त्या घराच्या पायरीवर बसले आणि त्या नाटकाचाच विचार करीत राहिले.

'शाकुंतला'चा चौथा अंक सर्वश्रेष्ठ, असे आपण परीक्षेत लिहीत आलो. त्या अंकात शकुंतला आश्रम सोडून सासरी निघते. रानात राहणारे, संसाराशी संबंध नसलेले कण्वही मुलगी जाताना व्याकूळ होतात. चौथा अंक आईबापांचा आहे. नागपूरच्या विमानतळावर तीन वर्षांपूर्वी तो माझ्याही वाट्याला आला. पण त्यानंतर पाचवा अंक येतो. हस्तिनापूरच्या दरबारात शकुंतला उभी आहे आणि राजा तिला ओळखत नाही. ओळखीची खूण काय, असा प्रश्न येतो. अंगठी तर पाण्यात पडलेली. ज्या आश्रमात झाडांवेलींनाही तिचे नाव ठाऊक होते, तेथून ती अशा ठिकाणी आली आहे, जेथे तिचा शब्द पुरावा म्हणून चालत नाही. आणि या अंकात कण्व नाहीत. ते दूर आश्रमात आहेत. मुलीला निरोप दिल्यावर आपला भार उतरला, असे त्यांना वाटले आहे. निरोप देणाऱ्याला चौथा अंक दिसतो. पाचवा दिसत नाही. मुले तो एकट्याने पार पाडतात आणि फोनवर म्हणतात, शहर छान आहे.

तो दिवस मला पाचव्या अंकात घेऊन गेला. खूण म्हणून पारपत्र जपणारी, दाराशी घुटमळणारी, शब्द आठवूनही न उच्चारणारी मी तेथे होते. आणि माझ्या जागी तीन वर्षांपूर्वीची लेक मला स्पष्ट दिसत होती.

संध्याकाळी नदीवर गेले. माइनवर पायी जाणाऱ्यांसाठी एक लोखंडी पूल आहे. १८६९ मध्ये तो नागरिकांनी स्वतःच्या पैशाने बांधला. १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस तो उडवला गेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभारला गेला. पुलावर ग्रीक अक्षरांत होमरच्या 'ओडिसी'तील एक ओळ कोरली आहे. तिचा विषय, मला नंतर कळले त्याप्रमाणे, समुद्र ओलांडून परक्या भाषेच्या माणसांकडे जाण्याचा आहे. पवनीला वैनगंगेच्या काठी उभी राहिले की पैलतीर माझ्या ओळखीचा असतो. येथे दोन्ही तीर परके होते. त्या वेळी मला हायडेलबर्ग विद्यापीठातल्या गुंथर सोन्थायमर या अभ्यासकाची आठवण झाली. हा जर्मन माणूस मराठी शिकला, खंडोबाच्या आणि धनगरांच्या परंपरांचा त्याने महाराष्ट्रात हिंडून वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याचाही आपल्या मुलखातला एक पहिला दिवस असणारच. कोणीतरी त्याला पाणी दिले असेल, बसायला घोंगडी टाकली असेल. परक्या भाषेच्या माणसांकडे जाणे ही एकाच दिशेची गोष्ट नाही.

रात्री दहाच्या सुमारास लेकीचा फोन आला. पाळी संपवून ती घरी चालली होती.

"जेवलीस का, आई?"

"जेवले. घरून आणलेली चपाती आणि जवसाची चटणी होती."

"कंटाळली असशील."

"नाही ग. एक विचारू? तुझा इथला पहिला दिवस कसा गेला होता?"

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी स्थानकाच्या बाहेर पडलेच नव्हते. गाडी संध्याकाळची होती. फलाटाजवळ एक बाक होता, तिथेच सात तास बसून होते. जर्मनची परीक्षा पास झाले होते ना, पण पाण्याची बाटली मागायला तोंडातून शब्द निघेना."

"आणि मला म्हणालीस, शहर छान आहे."

"मग काय सांगणार होते? तू तिकडे रात्रभर जागी राहिली असतीस, आणि करू तर काहीच शकली नसतीस."

यावर मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

रात्री झोप लागेना. जर्मन भाषेत एक शब्द आहे, आनएर्केनुंग. लेकीच्या बोलण्यात तो पहिल्या वर्षी सतत असे. त्याचा अर्थ मान्यता, ओळख पटणे. परदेशात शिकलेल्या परिचारिकेला जर्मनीत लगेच परिचारिका म्हणून काम करता येत नाही. तिची पदवी तेथील शिक्षणाशी ताडून पाहतात. कमी पडेल तेथे प्रशिक्षण किंवा परीक्षा, शिवाय भाषेची पुरेशी तयारी, आणि तोवर साहाय्यक म्हणून काम. नागपूरला अतिदक्षता विभाग सांभाळलेली माझी लेक चौदा महिने रुग्णांच्या चादरी बदलत होती. मग एके दिवशी तिने एका कागदाचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, "आई, मिळाली." मी देवापुढे साखर ठेवली होती, पण काय मिळाले, ते त्या रात्री नीट उमगले. ती अंगठी होती. फरक एवढाच, की शकुंतलेची अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडली आणि लेकीने आपली अंगठी स्वतः घडवली.

पाचव्या अंकाच्या शेवटी स्त्रीरूपातील एक तेज येते आणि शकुंतलेला उचलून घेऊन जाते. ती तिच्या आईकडची, मेनकेची व्यवस्था. मुलीला दरबाराने ओळखले नाही, म्हणून आई तिला परत नेते. माझ्या भावाचा निरोप तोच होता. पण माझ्या लेकीला तर दरबाराने ओळखले होते. सात तास बाकावर बसून, चौदा महिने वाट पाहून तिने ती ओळख मिळवली होती. तिला उचलून नेण्याचे कारण आता माझ्याकडे उरले नव्हते. परत यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा होता.

सकाळी वेळेआधीच फलाटावर गेले. कोणता डबा फलाटाच्या कोणत्या भागात थांबेल, ते तेथे अक्षरांनी दाखवलेले असते. मी माझे अक्षर शोधले आणि त्याखाली उभी राहिले. जवळच एक बाक होता. तोच असेल असे नाही. तरी गाडी येईपर्यंत मी त्यावर बसले.

भावाचा निरोप मी लेकीला सांगितला, कारण निरोप पोचवायचाच असतो. तिने ऐकून घेतला. मी त्यात माझा आग्रह मिसळला नाही. आठ दिवसांनी भावाचा फोन आला. काय ठरले, असे त्यांनी विचारले. आमच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्या बोलीतच मी उत्तर दिले, "पोरगी बरी आहे, भाऊ. कारजी नोका करू." तीन वर्षे हे वाक्य मी ऐकत आले होते. या वेळी मी ते डोळ्यांनी पाहून बोलत होते.

स्वाध्याय

१. लेखिकेने 'शाकुंतला'च्या चौथ्या व पाचव्या अंकांतील फरकाचा उपयोग स्वतःच्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी कसा केला आहे, ते स्पष्ट करा.

२. 'ओळख' या कल्पनेची या लेखातील विविध रूपे सोदाहरण सांगा.

३. या लेखातील झाडीबोलीतील संवादांचे प्रयोजन लिहा.

४. अनोळखी ठिकाणी घालवलेल्या आपल्या पहिल्या दिवसाविषयी सुमारे ३०० शब्दांत ललित लेख लिहा.